इंग्रजी यावे म्हणून सेमी इंग्रजी घ्यावे का? निर्णय करण्याची एक रीत

जानेवारी उजाडला की पहिलीच्या आणि पाचवीच्या प्रवेशासाठी पालकांच्या फेऱ्या सुरू होतात आणि शाळेच्या दारात आलेल्या बहुतेक आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे सेमी आहे का?" गेली बावीस वर्षे मी मराठी माध्यमाच्या आणि सेमी इंग्रजीच्या वर्गांना इंग्रजी व गणित शिकवत आले आहे. या काळात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, आणि घाईने घेतलेल्या निर्णयाचा भार लहान मुलांना वाहताना इतक्यांदा पाहिला आहे, की त्याचे उत्तर शोधण्याची रीत एकदा सविस्तर लिहून ठेवावी असे वाटले.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकवला जातो. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून येत असे, आणि आजच्या अनेक आजीआजोबांच्या मनात तेच चित्र पक्के बसलेले असते. म्हणजे पूर्ण मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलालाही दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी मिळते. सेमी इंग्रजीत यात भर पडते ती विषयांच्या माध्यमाची: प्राथमिक वर्गांत बहुधा फक्त गणित, आणि सहावीपासून गणितासोबत विज्ञान इंग्रजीतून, तर इतिहास, भूगोल आणि बाकीचे विषय मराठीतून. तेव्हा सेमी घ्यावे का, या प्रश्नाचा खरा अर्थ "इंग्रजी शिकवावे का" असा होत नाही, कारण ते शिकवले जातेच. माझ्या मुलाने गणित आणि विज्ञान कोणत्या भाषेतून समजून घ्यावे, आणि तसे केल्याने त्याचे इंग्रजी खरोखर सुधारेल का, असा तो प्रश्न आहे.

कायदा या बाबतीत पालकांना बांधून ठेवत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही, घरच्या भाषेतून शिकवावे असे सुचवले आहे. मात्र कर्नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्राथमिक शाळेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही असा निर्णय दिला. निवड तुमची आहे, म्हणूनच ती डोळसपणे करायला हवी.

कोणते इंग्रजी, आणि कधीपर्यंत

सुरुवात कागद-पेन घेऊन करावी आणि मुलाला इंग्रजी कशासाठी हवे आहे हे एका वाक्यात लिहावे. "इंग्रजीशिवाय हल्ली चालत नाही" हे वाक्य येथे उपयोगाचे नाही, कारण त्यावरून काहीच ठरत नाही. "चारचौघांत न अडखळता बोलता यावे" ही एक अपेक्षा आहे. "अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर वर्गात शिकवलेले कळावे" ही दुसरी आहे, आणि ती अगदी रास्त आहे, कारण नीट आणि जेईई मेनच्या प्रश्नपत्रिका आता मराठीतही मिळत असल्या तरी कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाचे वर्ग इंग्रजीतूनच चालतात. "स्वतःहून इंग्रजी पुस्तक उघडून वाचता यावे" ही तिसरी.

या तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. गणित इंग्रजीतून शिकल्याने बोलणे येत नाही. गणिताच्या पुस्तकात बोलण्याची भाषा असतेच किती? "फाइंड द व्हॅल्यू ऑफ एक्स" हे वाक्य वर्षभरात शेकडो वेळा वाचलेल्या मुलाला पाहुण्याशी चार वाक्ये बोलता येतीलच असे नाही. सेमीतून जे मिळते ते म्हणजे पारिभाषिक शब्दांची ओळख आणि विज्ञानाचा इंग्रजी मजकूर पाहून बिचकू नये एवढा सराव. तुमच्या कागदावर दुसरी अपेक्षा असेल तर सेमीचा विचार जरूर करावा. पहिली किंवा तिसरी असेल तर इंग्रजीच्या तासाकडे आणि घराकडे पाहावे लागेल.

तासांचा हिशेब

हा हिशेब मी प्रत्येक पालकसभेत फळ्यावर मांडते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस ठरलेले आहेत. इंग्रजीचा रोज ३५ मिनिटांचा एक तास धरला तर वर्षाची ७,००० मिनिटे, म्हणजे साधारण ११७ तास होतात. वर्गात ४० मुले असतील आणि शिक्षकांनी स्वतः एक शब्दही न बोलता सगळा वेळ मुलांना वाटून दिला, तरी एका मुलाच्या वाट्याला दिवसाला एक मिनिटसुद्धा बोलणे येत नाही.

आता घराकडे पाहू. रोज २० मिनिटे मुलासोबत इंग्रजी गोष्ट ऐकणे, वाचणे आणि तिच्यावर बोलणे झाले, तर वर्षाच्या ३६५ दिवसांत सुमारे १२२ तास होतात. शाळेच्या तासापेक्षा हे थोडे जास्तच आहेत, आणि त्यांत मूल एकटे असल्याने बोलण्याची पाळी प्रत्येक वेळी त्याचीच असते. आईवडिलांना इंग्रजी येत नसेल तरीही हे करता येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत विनामूल्य वाचायला मिळते. आधी मराठी गोष्ट मोठ्याने वाचावी, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून मुलाने वाचावी आणि आईला मराठीत समजावून सांगावी. आईला समजावताना मूल जेवढे शिकते तेवढे कोणत्याही शिकवणीत शिकत नाही, हे मी स्वतः पाहिलेले आहे. इंग्रजी न येणाऱ्या आईने त्यासाठी जराही संकोच करू नये, येथे तिचे काम फक्त मन लावून ऐकण्याचे आणि "मग पुढे काय झाले?" असे विचारण्याचे आहे.

आधी मराठी वाचन तपासा

निर्णयाचा कणा येथे आहे. तुमचे मूल ज्या इयत्तेत असेल त्या इयत्तेच्या मराठी पुस्तकातला, त्याने न वाचलेला एक उतारा त्याच्यासमोर ठेवावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात. तो अक्षर लावत वाचतो की वाक्याच्या ओघात वाचतो? वाचून झाल्यावर पुस्तक मिटून काय वाचले ते स्वतःच्या शब्दांत सांगतो का? आणि उताऱ्यात थेट न लिहिलेल्या पण त्यातून कळणाऱ्या गोष्टीबद्दल विचारले, उदाहरणार्थ "आजी रागावली असेल का, आणि तुला तसे कशावरून वाटते?", तर विचार करून उत्तर देतो का?

ही तीनही कामे जमत असतील तर मुलाच्या हाती वाचनाची किल्ली आली आहे, आणि ती दुसऱ्या भाषेचे कुलूपही उघडते. मजकुरातून अर्थ काढणे, पुढे काय येणार याचा अंदाज बांधणे, मुद्दा धरून ठेवणे या क्षमता एकदा एका भाषेत आल्या की दुसऱ्या भाषेत नव्याने शिकाव्या लागत नाहीत. टोरांटोचे भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी हे फार पूर्वी मांडले. त्यांनीच दाखवलेली दुसरी गोष्ट पालकांनी विशेष लक्षात ठेवावी: नव्या देशात आलेली मुले रोजच्या व्यवहारातली भाषा साधारण दोन वर्षांत बोलू लागतात, पण अभ्यासाची भाषा समवयस्कांइतकी येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. कॅनडात तर या मुलांच्या चोहीकडे इंग्रजी होती. आपल्याकडे ती बहुतेक मुलांसाठी शाळेच्या फाटकाशी संपते.

मराठी वाचन कच्चे असताना गणित इंग्रजीतून सुरू केले तर काय होते, त्याचा एक प्रसंग सांगते. पाचवीच्या सेमी वर्गातला एक मुलगा उदाहरण सोडवत होता: एका डबीत १२ पेन्सिली आहेत, तर अशा ७ डब्यांत किती? पुस्तकात अर्थातच ते इंग्रजीत होते. त्याने वहीत १२ अधिक ७ करून १९ लिहिले. मी शेजारी बसून तेच मराठीत विचारले. क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, "बारा साती चौऱ्याऐंशी." गणित त्याला उत्तम येत होते. अडला होता तो "सच" या एका शब्दापाशी. "सच बॉक्सेस" म्हणजे "अशा डब्या" हे न कळल्यामुळे त्याने दिसलेले दोन आकडे उचलून बेरीज करून टाकली होती. त्याच्या प्रगतिपुस्तकात गणिताचे गुण कमी होते आणि घरी सगळ्यांची समजूत झाली होती की याला गणित जमत नाही. सर्वांत वाईट हे, की त्यालाही तसेच वाटू लागले होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मराठी वाचनाच्या वरच्या तिन्ही कसोट्या मूल पार करीत नसेल, तर सेमीचा निर्णय एक-दोन वर्षे पुढे ढकलावा आणि तो वेळ मराठी वाचन पक्के करण्यात घालवावा. हा वेळ इंग्रजीतून वजा होत नाही.

शाळेत जाऊन काय पाहावे

"सेमी" हा फलकावरचा शब्द आहे. वर्गात त्याचा अर्थ शाळेगणिक बदलतो. काही ठिकाणी शिक्षक इंग्रजीतून सहज बोलतात आणि मूल अडले की मराठीत वळतात. काही ठिकाणी पुस्तक इंग्रजी, शिकवणे सारे मराठीत आणि उत्तरे पाठ केलेली असा प्रकार असतो. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. स्वतः मराठी माध्यमातून डी.एड. झालेल्या शिक्षकाच्या हाती पुरेशा तयारीवाचून इंग्रजी गणित दिले, तर तो तरी काय करणार?

त्यामुळे मुख्याध्यापकांना भेटून एक तास वर्गात मागे बसू देण्याची विनंती करावी. ती मान्य झाली नाही तर निदान मागच्या वर्षीच्या पाच-सहा वह्या पाहायला मागाव्यात. विज्ञानाची वही उघडून एकाच प्रश्नाचे उत्तर सर्व वह्यांत पडताळून पाहावे. प्रत्येक वहीत उत्तर शब्दशः सारखे, स्वल्पविरामासकट सारखे असेल, तर ते फळ्यावरून किंवा गाइडमधून उतरलेले आहे आणि मुलांच्या डोक्यातून गेलेले नाही. याउलट वाक्ये मोडकीतोडकी, स्पेलिंगच्या चुका असलेली पण प्रत्येकाची वेगळी दिसली, तर आनंद मानावा, कारण तेथे मुले विचार करून लिहीत आहेत आणि शिक्षक त्यांना लिहू देत आहेत.

याच भेटीत काही प्रश्न सरळ विचारावेत. इंग्रजी विषय कोण शिकवते, आणि इंग्रजीतून गणित कोण? ते शिक्षक या शाळेत किती वर्षे आहेत? जिल्हा परिषदेच्या शाळेत तर बदलीचा प्रश्न अवश्य विचारावा, कारण एका उत्साही गुरुजींच्या बळावर सुरू झालेले सेमी त्यांच्या बदलीनंतर नावापुरते उरते. मूल वर्गात मराठीत शंका विचारू शकते का? याचे उत्तर "नाही, आम्ही मराठी बोलू देत नाही" असे अभिमानाने आले, तर सावध व्हावे. ज्या मुलाला शंका विचारण्याची भाषाच नाही ते शंका विचारणे सोडून देते, आणि पुढे तीच सवय होते.

आणखी एक गोष्ट, जी पालकांच्या फारशी लक्षात येत नाही. अनेक शाळांत सेमीची तुकडी परीक्षा घेऊन निवडलेली असते. हुशार समजली जाणारी मुले आणि अनुभवी शिक्षक त्याच तुकडीला मिळतात. मग दहावीचा निकाल लागतो, सेमीची मुले वर दिसतात, आणि श्रेय इंग्रजी माध्यमाला जाते. त्याच मुलांना त्याच शिक्षकांनी मराठीतून शिकवले असते तर निकाल कसा लागला असता, हे त्या निकालावरून कळत नाही. म्हणून निकालाचा फलक पाहताना तुकड्या कशा पाडल्या जातात, ते आधी विचारून घ्यावे.

"परदेशात मुले दुसऱ्या भाषेतून शिकतातच की" असेही ऐकू येते. १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे इंग्रजीभाषक मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि तो गाजला, हे खरे आहे. तेथील शिक्षकांचे फ्रेंच अस्खलित होते, सुरुवातीला मुले इंग्रजीत बोलली तरी ते चालत असे, आणि त्यांच्या घरची इंग्रजी ही देशातली प्रबळ भाषा असल्याने ती गमावण्याचे भय नव्हते. या अटी तुमच्या गावातल्या शाळेत किती जुळतात ते पाहून मगच हा दाखला घ्यावा.

कोणत्या इयत्तेपासून

शाळेत पहिली, पाचवी आणि आठवी असे पर्याय असतील तर मी पहिलीपासून सेमीचा सल्ला सहसा देत नाही. पहिलीतले मूल संख्या ही कल्पनाच नव्याने शिकत असते. घरी एकोणतीस, बाजारात एकोणतीस आणि शाळेत ट्वेंटी नाइन अशी त्याची ओढाताण होते, आणि चौथीत गेल्यावरही भाजीवाल्याने "एकोणपन्नास झाले" म्हटले की ते आईच्या तोंडाकडे पाहते. ज्यांना पहिलीपासूनच घ्यायचे आहे त्यांनी घरी मराठी अंक, पाढे आणि पावकी-निमकीचा व्यवहार तोंडी चालू ठेवावा.

मराठी वाचन चांगले असेल आणि इंग्रजीचे शिक्षक समर्थ असतील तर पाचवी ही सोयीची वेळ आहे. आठवी मात्र, पालक समजतात तितकी उशिराची मुळीच नाही. सातवीपर्यंत पूर्ण मराठीत शिकून आठवीत सेमीला आलेली एक विद्यार्थिनी मला चांगली आठवते. तिने शंभर पानी वहीची पाने उभी दुमडून दोन रकाने केले होते: डावीकडे छेद, अंश, कर्ण, लंब, लसावि, जडत्व, संवेग, प्रकाशसंश्लेषण, उजवीकडे त्यांचे इंग्रजी शब्द, देवनागरी उच्चारासह. पहिल्या चाचणीत तिचे गुण घसरले आणि वडील घाबरून भेटायला आले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती वही अर्धीअधिक भरली होती, आणि सहामाहीनंतर तिला ती उघडण्याची गरज फारशी पडेना. कर्ण म्हणजे काटकोनासमोरची बाजू हे तिला पक्के ठाऊक होते. त्याचे इंग्रजी नाव तेवढे नवे होते. नावे नवी असणे आणि कल्पनाच नवी असणे यांत फार अंतर आहे. शाळेत सेमी नसेल तरी ही वही सातवीपासून घरी करता येते, आणि अकरावी विज्ञानाच्या तयारीसाठी ती बरीच पुरते.

घरच्या घरी आणखी एक तपासणी करावी. बालभारती मराठी माध्यमासाठी आणि इंग्रजी माध्यमासाठी इंग्रजीची वेगवेगळी पाठ्यपुस्तके छापते, आणि ती ईबालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. आपल्या मुलाच्या इयत्तेची दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून त्याला दोन्हींतले एकेक पान वाचायला द्यावे. मराठी माध्यमाचे पुस्तक तो सहज वाचत असेल तर दुसरे पुस्तक अवांतर वाचनासाठी घरी लावावे; माध्यम न बदलता इंग्रजी वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

ज्यांचे गणित वेगळे आहे

आईवडिलांची नोकरी बदलीची असेल आणि दोन-तीन वर्षांनी राज्य बदलत असेल, तर इंग्रजी माध्यम ही सोय आहे आणि तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. घरात मराठी बोललीच जात नसेल तर वर लिहिलेले "मराठी वाचन" हे त्या मुलाच्या घरच्या भाषेला लावून पाहावे. ज्या मुलाला वाचताना अक्षरे सतत उलटसुलट होतात किंवा वय वाढूनही वाचन सुटत नाही, त्याच्या बाबतीत माध्यमाचा निर्णय घेण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. माध्यम बदलून ती अडचण जात नाही.

सेमी घेतले आहे आणि मूल अडले आहे, तर

आधी अडचण गणिताची की इंग्रजीची, हे वेगळे करावे. चुकलेली दहा शाब्दिक उदाहरणे घ्यावीत, ती मराठीत तोंडी सांगावीत आणि मुलाला सोडवू द्यावीत. सात-आठ बरोबर आली तर अडचण भाषेची आहे: रोज दोन उदाहरणे घेऊन त्यांतले "अशा", "उरले", "प्रत्येकी", "पेक्षा कमी" या अर्थाचे इंग्रजी शब्द अधोरेखित करून घेतले, तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. मराठीतही ती चुकली तर कल्पनाच कच्ची आहे, आणि ती त्याला समजणाऱ्या भाषेतच पक्की करावी लागेल.

सहा महिने असे करूनही मूल शाळेत जाताना पोट दुखते म्हणत असेल, तर शाळेत मराठी तुकडी आहे का ते विचारावे आणि वर्षाच्या शेवटी बदल करावा, मध्येच नको. बदल करण्यापूर्वी मुलाशी बोलावे. "तुला जमत नाही म्हणून" असे चुकूनही म्हणू नये. "आपण गणित आधी आपल्या भाषेत पक्के करू आणि आठवीत पुन्हा पाहू" असे सांगावे, आणि आठवीत खरोखरच त्याला विचारावे. मुख्याध्यापकांकडे अर्ज देताना मुलाच्या दोन वह्या, एक गणिताची आणि एक मराठीची, सोबत न्याव्यात. बोलण्यातून पटणार नाही ते त्या वह्या शेजारी उघडल्या की कळते.